आधी ओलीचे कारण शोधा, मग रंगाचा डबा उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरासंबंधीच्या पुरवणीत बाहेरच्या भिंतीला येणाऱ्या ओलीवरचा लेख वाचला. कुठला लेप लावावा, कुठला रंग जास्त टिकतो, किती हात मारावेत, हे सगळे त्यात होते. ओल येते कुठून आणि ते शोधायचे कसे, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी इमारतींच्या देखभालीचे काम करते. ओल्या भिंतींसमोर उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगते की खरे काम शोधण्याचेच असते. कारण सापडले की दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ निघते. ते न शोधता केलेला खर्च पुढच्या मोठ्या पावसात वाहून जातो, आणि तो सोसणारी माणसे साधी, पोटाला चिमटा घेऊन घर राखणारी असतात. म्हणून हे पत्र.

बाहेरच्या भिंतीत पाणी शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. पाऊस बाहेरून मारतो. जमिनीतला ओलावा जोत्यातून वर चढतो. भिंतीतल्या किंवा तिला लागून गेलेल्या पाइपातून पाणी पाझरते. घरातल्या हवेतल्या वाफेचे गार भिंतीवर पाणी होते. नव्या बांधकामात विटकामाचे आणि गिलाव्याचे पाणी सुकायचे राहिलेले असते, ती पाचवी वाट म्हणा. आतून पाहणाऱ्याला मात्र सगळीकडे तेच दिसते: पिवळट डाग, सुटलेले पोपडे, कपाटामागचा कुबट वास. फसगत होते ती इथेच. वाफेने काळ्या पडलेल्या भिंतीला बाहेरून जलरोधक रंग फासला जातो, आणि खिडकीतून शिरणाऱ्या पावसासाठी जोत्यात भोके पाडून रसायन भरले जाते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता त्यावर गप्प बसवत नाही.

कुणी ओल दाखवायला बोलावले तर मी लगेच भिंतीकडे जात नाही, आधी घरातल्या माणसांशी बोलते. डाग गडद कधी होतो? पाऊस पडल्यावर लगेच, की दुसऱ्या दिवशी? प्रत्येक पावसात, की वारा एका ठराविक बाजूने असेल तेव्हाच? पाऊस नसतानाही वाढतो का? घर काही दिवस बंद होते तेव्हा काय झाले? ही उत्तरे त्या घरात रोज वावरणाऱ्याला कुठल्याही यंत्रापेक्षा नीट देता येतात, फक्त त्याला कुणी ती विचारलेली नसतात. उत्तरे आठवत नसतील तर मी वही ठेवायला सांगते. तारीख, पाऊस, वाऱ्याची दिशा आणि डागाची स्थिती, एवढेच लिहायचे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख टाकायची. ओल रेघेबाहेर गेली की नाही यावर मग वाद उरत नाही. पेन्सिलच घ्यावी, पेनाची शाई पुढे नव्या रंगातून वर उमटते.

या साध्या प्रश्नांनी निम्म्या वाटा बंद होतात. पावसाशी संबंध नसलेला, बाराही महिने सारखा राहणारा किंवा हळूहळू वाढणारा डाग दिसला की पाइपाचा संशय घ्यावा. घर बंद असताना तो वाळत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा वाफ, कारण दोन्ही माणसांच्या वावराबरोबर येतात. बंद घरातही तो पसरत राहिला आणि पाऊस नव्हता, तर दाबाखालचा नळाचा पाइप. त्याची परीक्षा सोपी आहे. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा पाहावा. फ्लशची टाकी गळत असेल तरी आकडा सरकतो, म्हणून तिचीही तोटी बंद करून ठेवावी. सांडपाण्याच्या पाइपासाठी पाण्यात मिसळणारा चमकदार रंग मोरीत ओततात आणि तो भिंतीवर उमटतो का हे पाहतात.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि तिथे बहुतेक लोक घाई करतात. आत डाग जिथे आहे तिथेच बाहेर भेग शोधतात, नाही सापडली की ‘बाहेरून काही नाही’ म्हणून मोकळे होतात. पाणी काही भिंतीतून सरळ आरपार येत नाही. ते विटांच्या सांध्यांतून, गिलाव्यामागच्या पोकळीतून, लिंटेलच्या, म्हणजे खिडकी-दारावरच्या आडव्या तुळईच्या, वरून आडवे सरकते, जिथे अडते तिथे साचते आणि मग आत दिसते. म्हणून डागाचे वरचे टोक महत्त्वाचे. खिडकीच्या कडेपासून ते किती आडवे आणि किती उभे आहे हे आतून टेपने मोजावे, तीच मापे बाहेर जाऊन त्याच कडेपासून धरावीत आणि तिथून वर शोधायला लागावे.

एका घराचे जरा सविस्तर सांगते. वरच्या मजल्यावरची खोली. खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघालेला आणि खाली जाताना रुंद होत गेलेला डाग. आधीच्या ठेकेदाराने आतला गिलावा फोडून नवा केला होता, त्यावर जलरोधक पुट्टी आणि रंग. डाग परत आला. मग बाहेरून सगळी भिंत रंगवून घेतली. तरी तो आलाच, आणि आधीपेक्षा मोठा. घरातल्या बाईंचे उत्तर अगदी नेमके होते: वारा समोरून असतो तेव्हाच, आणि सर ओसरल्यावर तासा-दोन तासांनी. म्हणजे जमीन नव्हे, वाफ नव्हे, आणि पाइप तर त्या भिंतीत नव्हताच. राहिली खिडकी.

खिडकीखालची दगडी सिल भिंतीच्या थोडी पुढे काढलेली असते. तिच्या पोटाला, पुढच्या कडेपासून जरासे आत, एक आडवी खाच असते. त्या खाचेचे काम एवढेच की सिलीवरून ओघळलेला थेंब तिथे अडावा आणि सुटून खाली पडावा. खाच नसेल तर पाणी सिलीच्या पोटाला चिकटून मागे मागे सरकते आणि जिथे सिल भिंतीवर टेकते त्या सांध्यात जाते. मी सिलीखालून बोट फिरवले. खाच लागलीच नाही; सगळे सपाट, गुळगुळीत. खाली आरसा धरून पाहिले तेव्हा ती पुट्टीने आणि रंगाने काठोकाठ भरलेली दिसली. भिंत रंगवताना रंगाऱ्याने तीही चांगली सफाईने भरून घेतली होती. ओल थांबवायला केलेल्या रंगकामाने ओलीची वाट पक्की करून ठेवली होती. हे पाहिले त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण त्या घराने दोन्ही कामांचे पैसे चोख मोजले होते.

एवढ्यावर निदान झाले असे मी मानत नाही. संशय आणि पुरावा वेगळे. मग पाण्याची परीक्षा घेतली. ती घ्यायची ते खालून वर. वरून पाणी सोडले तर ओघळ वाटेतल्या प्रत्येक फटीतून जातो आणि गळती नेमकी कुठली हे कळत नाही. नळीचा जोरही लावायचा नाही. जोराच्या धारेने न गळणारी फटही गळते. आधी सिलीखालची भिंत भिजवली आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवले. आत कोरडे. मग सिलीवर पाणी सोडले. बराच वेळ काही झाले नाही, आणि मग जुन्या डागाच्या वरच्या टोकाला गिलावा किंचित काळवंडला. टॉर्चचा उजेड आडवा टाकला तशी तिथे ओली चमक दिसली. भिंत पुरती वाळू दिली, पुढच्या खेपेला सिलीवर प्लास्टिक चिकटवून फक्त चौकटीवर पाणी सोडले. आत काही नाही. आता कारण सिद्ध झाले. खाच छिन्नीने मोकळी केली, सिलीखालचा सांधा साफ करून सीलंटने भरला. सगळी भिंत रंगवण्याच्या मानाने हे काम काहीच नव्हते.

सिलीइतक्याच गुन्हेगार जागा आणखी आहेत: पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्यावरच्या भेगा, गच्ची आणि पॅरापेटचा सांधा, छज्जा भिंतीला मिळतो तो कोन, पानांनी तुंबून काठावरून वाहणारी पन्हळ, भिंतीला चिकटून गेलेल्या पाइपाचा फुटका सांधा, आणि तारा किंवा नळ्या आत घेण्यासाठी पाडून न बुजवलेली भोके. शेवटची जागा फार जण विसरतात. भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे. ते आत उतरते असेल तर पाणी तारेवरून चालत घरात येते. केसासारख्या भेगेला ‘ती काय करणार’ म्हणून सोडू नये. रुंद फटीतून पाणी खाली ओघळून तरी जाते. बारीक भेग मात्र ते शोषून घेते आणि आत धरून ठेवते.

आता जमिनीतून चढणाऱ्या ओलीविषयी. तिच्या नावावर सर्वात जास्त पैसा जातो आणि तिचे निदान सर्वात ढिसाळपणे होते. विटेतली आणि चुन्या-सिमेंटातली बारीक छिद्रे पाणी वर खेचतात हे खरे आहे. पण वर चढणारे पाणी बाहेर उडतही असते, म्हणून ही ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते. तिची वरची कड भिंतभर बऱ्यापैकी आडवी असते, आणि त्या कडेवर लोणा, म्हणजे पांढरट खार, धरतो. पाण्याबरोबर आलेले जमिनीतले क्षार, विशेषतः नायट्रेट आणि क्लोराइड, पाणी उडाल्यावर तिथेच राहतात. डाग छातीच्या वर आहे, किंवा एकाच कोपऱ्यात आहे, किंवा वरच्या मजल्यावर आहे, आणि तरीही कुणी ‘खालून चढतेय’ म्हणत असेल, तर त्याला ते सिद्ध करून दाखवायला सांगावे.

खालची ओल खरीच असली तरी जोत्यातला ओलरोधक थर, म्हणजे डीपीसी, निकामी झाला असेलच असे नाही. बहुतेक वेळा त्याला वळसा पडलेला असतो. हा थर बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर राहायला हवा, कारण पाऊस जमिनीवर आपटून भिंतीवर उडतो. घर बांधताना तो तसा असतोही. पुढे कुणी अंगणात फरशीवर फरशी चढवतो, कुणी भिंतीला टेकून मातीचा वाफा करतो, कुणी बाहेरचा गिलावा थेट जमिनीत उतरवतो. थर जागेवर शाबूत आणि पाणी त्याच्या बाजूने वर. अशा घरात रसायनाचे इंजेक्शन देण्याआधी फावडे घ्यावे: माती मागे ओढावी, फरशीचा उतार भिंतीपासून बाहेर काढावा, गिलावा थराच्या वर संपवावा.

ठेकेदार दोन टाचण्यांचे मीटर भिंतीला टोचतात, ते टी-टी वाजते, लाल दिवा लागतो आणि घरातली माणसे घाबरतात. हे मीटर वीज किती सहज वाहते तेवढे मोजते, आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. विटेच्या भिंतीवर त्यातून टक्के वाचणे चूक आहे. भिंतीत क्षार असतील तर ती जवळपास कोरडी असतानाही ते ओरडते. त्याचा उपयोग आहे, नाही असे नाही: भिंतीवर चौकटी आखून प्रत्येक ठिकाणचे वाचन लिहिले की कुठे जास्त, कुठे कमी याचा नकाशा मिळतो, आणि त्या नकाशाचा आकार कारणाकडे नेतो. उष्णतेच्या कॅमेऱ्याचेही तेच. तो पाणी दाखवत नाही, गार जागा दाखवतो. आणि जागा गार असायला ओलीखेरीज इतर कारणेही असतात.

खात्री हवी असेल तर भिंतीच्या आतला नमुना घ्यावा लागतो. हळू फिरणाऱ्या ड्रिलने, भुकटी तापून पाणी उडू न देता, वेगवेगळ्या उंचींवरून भुकटी काढतात. ती कॅल्शियम कार्बाइडच्या बंद डब्यात घातली की पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून पाणी किती ते कळते. प्रयोगशाळेत याहून बारकाईने पाहतात: नमुना आधी ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून क्षारांमुळे तो हवेतून किती पाणी ओढतो ते मोजतात, आणि मग वाळवून एकूण पाणी काढतात. हवेतून ओढलेलेच पाणी जास्त असेल, तर जुनी गळती कधीच थांबलेली असू शकते आणि भिंत निव्वळ क्षारांमुळे ओली दिसत असते. तिथे खारावलेला गिलावा काढून टाकणे हाच इलाज. जलरोधक रंग नव्हे.

वाफेचे निदान घरच्या घरी होते. २० अंश सेल्सियसच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. बुरशीला तर थेंबही लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकली की तिला पुरते, आणि याच हवेत साधारण १५ अंशांच्या भिंतीवर ती वेळ येते. म्हणून बुरशी बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि भिंतीला टेकलेल्या कपाटामागे धरते, जिथे हवा खेळत नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा हातभर चौकोन कोरड्या केलेल्या भिंतीवर चारी कडा टेपने बंद करून चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी हवेतले, मागच्या बाजूला असेल तर भिंतीतले. दोन्हीकडे असेल तर कारणेही दोन. असे पुष्कळदा होते, कारण ओली भिंत उष्णता लवकर सोडते, गार पडते आणि मग वाफेलाही बोलावते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती श्वसनाच्या त्रासांचा आणि दम्याचा ओलीशी असलेला संबंध पाहूनच. आणि भिंतीच्या बाबतीत सांगायचे तर चुकीचा उपाय केवळ निरुपयोगी ठरत नाही, तो नुकसान करतो. पाणी आत यायची वाट उघडी ठेवून बाहेरून घट्ट लेप दिला की भिंतीला सुकायची एक बाजू बंद होते. पाणी आत कोंडते, गिलावा फुगतो, छज्ज्यातली आणि लिंटेलमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. मग प्रश्न डागाचा राहत नाही, खालून जाणाऱ्याच्या डोक्याचा होतो.

कारण दूर केल्यावरही थोडा धीर हवा. भिंतीच्या दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना, असा सुकण्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे २३० मिलिमीटरच्या भिंतीला नऊ महिने लागू शकतात. दुरुस्तीनंतर लगेच डाग गेला नाही म्हणून ती फसली असे समजू नये, आणि ‘लगेच रंगवून देतो’ म्हणणाऱ्याला होकार देऊ नये. पेन्सिलीची रेघ इथेही उपयोगी पडते: डाग रेघेच्या आत आत सरकत असेल तर भिंत वाळते आहे.

माझी दोन मागण्यांची विनंती आहे. वाचकांनी ओलीच्या कामाचे दरपत्रक घेताना पहिल्या ओळीत कारण लिहून मागावे: पाणी कुठून येते, आणि ते कोणत्या परीक्षेवरून ठरवले. हे लिहून द्यायला नकार देणाऱ्याला काम देऊ नये. आणि आपण पुरवणीत उत्पादनांच्या माहितीइतकीच जागा निदानाला द्यावी. वाचकांना डागाचे छायाचित्र, त्याची मापे आणि वहीतल्या नोंदी पाठवायला सांगा, या कामातल्या जाणत्या माणसांकडून त्यावर उत्तरे घ्या. ती लिहून द्यायला माझी तरी केव्हाही तयारी आहे.

आपली नम्र,
इमारत देखभालीचे काम करणारी एक वाचक